गेमिंगचं स्टिअरिंग: हाताला काय कळलं? (अनुभव धागा)

पुतण्याला घरी रेसिंग खेळायला स्टिअरिंग घ्यायचंय. "काका, कुठलं घेऊ?" म्हणाला. मी पंधरा मिनिटं बोललो आणि त्याचा चेहरा बघून लक्षात आलं की मी नुसते न्यूटन-मीटर, म्हणजे मोटरच्या पिळाच्या जोराचे आकडे, सांगत होतो. ते तर खोक्यावर छापलेलेच असतात. म्हणून हा धागा. तुमच्या स्टिअरिंगनं हाताला काय सांगितलं आणि घरात त्याचं काय झालं, तेवढं लिहा. मॉडेलचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, जात मात्र सांगा.

नवीन लोकांसाठी जाती सांगतो. या स्टिअरिंगच्या आत मोटर असते, गेममधला रस्ता हाताला कळावा म्हणून ती रिम ओढते. पहिली गिअरवाली, म्हणजे मोटर दातेरी चाकांमधून रिम फिरवते. लॉजिटेकचं २०१५चं जी २९ या जातीचं. दुसरी पट्ट्याची, उदाहरणार्थ थ्रस्टमास्टर टी ३००. तिसरी डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे रिम थेट मोटरच्या दांड्यावरच. फॅनाटेक सीएसएल डीडी २०२१मध्ये आलं, मोझा आर ५ही त्यातलंच. जोराचा अंदाज हवा असेल तर २८ सेंटिमीटरच्या रिमवर ५ न्यूटन-मीटर म्हणजे काठाला साधारण साडेतीन किलो टांगल्यासारखं. गिअरवाल्याचं दोन-सव्वादोन धरलं तर दीड किलोच्या आसपास.

आता माझं. गिअरवालं आहे. पहिले तीन महिने सेटिंगमधला मोटरचा जोर १०० टक्क्यांवर ठेवून खेळलो आणि 'काय मस्त हलतंय' म्हणत राहिलो. मोटर लहान. गेमनं दोन किलो मागितले काय नि चार मागितले काय, ती दीडच देणार. मांडवातला भोंगा फुटेस्तोवर वाढवला की तबला आणि पेटी एकच ऐकू येते, तसलं. आसेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये स्क्रीनवर पेडलच्या पट्ट्यांशेजारी जोराची पट्टी असते, ती माझी कायम लाल. जोर ६५वर आणला आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की पुढचा टायर सुटायच्या जरा आधी स्टिअरिंग हलकं पडतं. टायरची पकड संपायच्या आधीच त्याचा सरळ व्हायचा ओढा कमी होतो, म्हणून. पावसात ताम्हिणीत एकदा खऱ्या गाडीत हे झालं होतं, पोटात गोळा आला होता. तीच जाणीव, फक्त पायजम्यात बसून.

रात्रपाळी, नाशिक

गिअरवालंच. मुलं झोपली की अकरा ते साडेबारा ही माझी वेळ. हाताला जे कळतं ते कानालाही कळतं हो! वळणाच्या कडेचे लाल-पांढरे दगड लागले की दाते एकमेकांवर खडखडतात. एकदा आई उठून आली, तिला वाटलं मिक्सरच्या भांड्यात चमचा राहिला. टेबलाच्या चारही पायांखाली जुनी रबरी चटई कापून घातली, तेव्हा खालच्या मजल्याची तक्रार थांबली. आईची नाही.

मागचा_गिअर, मिरज

मी रेसिंगवाला नाही. युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो. माझे वडील सत्तावीस वर्षं ट्रकवर होते, गेल्या वर्षी गुडघ्यामुळं थांबले. दिवाळीत त्यांना बसवलं. स्टिअरिंग ९०० अंशांचं, म्हणजे इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकाला अडीच फेरे. त्यांनी आधी तेच फिरवून बघितलं. "बास? एवढंच?" मग म्हणाले, "थांबलेल्या गाडीचं स्टिअरिंग असं लोण्यासारखं नसतंय रे. खांदा भरून येतो." खरंच आहे, थांबलेल्या गाडीत गेमचा जोर फारच लुळा पडतो.

हायवेला एकदम झ्याक चालवली त्यांनी. पण ट्रेलर मागं घ्यायची वेळ आली आणि काही केल्या जमेना. आरशातून बघायला ते तयारच नव्हते. दर वेळी मान उजवीकडं काढून भिंतीकडं बघायचे, तिथं कॅलेंडर. चौथ्या खेपेला कॅलेंडरवरच वैतागले. आता रोज दुपारी बसतात, रिव्हर्स मात्र मला हाक मारून करून घेतात. मोटर केवढी आहे हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

चौकट_४०८०, चिंचवड

डायरेक्ट ड्राइव्ह, ८ न्यूटन-मीटर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढचं सगळं माझ्या कर्मानं झालंय.

टेबल होतं भुशाच्या बोर्डाचं. क्लॅम्प आवळला, दोन दिवस खेळलो आणि तिसऱ्या दिवशी कडेचा सनमायका सोलून हातात आला. ठोक्यागणिक मॉनिटर डोलायचा ते वेगळंच. त्याच आठवड्यात भिंतीला धडकलो, स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरलं आणि रिमच्या आऱ्यांत अडकलेला डावा अंगठा सुजला. ऑफिसात कुणाला काय सांगणार? 'क्रिकेट' म्हणालो. तेव्हापासून अंगठे रिमवर आडवे, आत कधीच नाही, आणि अपघात दिसला की हात सोडून द्यायचे.

मग भोसरीतून ४० बाय ८०च्या ॲल्युमिनियम प्रोफाइल पट्ट्या कापून आणल्या आणि एम ८च्या बोल्टांनी चौकट उभी केली. आता हलत नाही. फरक सांगायचा तर गिअरवाल्यात मधोमध जो थोडा पोकळपणा असतो तो इथं नाही, सरळ रस्त्यावरही बारीक कुरकुर येत राहते. एक गंमत म्हणजे सरळ रस्त्यावर हात सोडले की रिम डावी-उजवी झोके घ्यायला लागते. थोडं डॅम्पिंग, म्हणजे रिमला जडपणा देणारं सेटिंग, वाढवायचं. जास्त वाढवलं तर मधात चमचा फिरवल्यासारखं होतं.

पण खरं सांगू? माझ्या लॅप सुधारल्या त्या ब्रेकनं. लोड सेलचा पेडल पाय किती खाली गेला ते मोजत नाही, किती जोर लावला ते मोजतो. पायाला जोर लक्षात राहतो, अंतर राहत नाही. तोटा एकच, कचकन दाबला की ऑफिसची खुर्ची मागे पळते. चौकटीला सीट बसेपर्यंत खुर्चीची चाकं जुन्या चपलांमध्ये बसवली होती. हसू नका, करून बघा. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर आधी ब्रेक घेईन आणि मोटर पाच न्यूटन-मीटरचीच.

कुंपणावरून, डोंबिवली

विकलं. वन बीएचके, रोज टेबल रिकामं करा, क्लॅम्प लावा, वायरी जोडा, नंतर सगळं उलट. खेळायचो चाळीस मिनिटं, मांडामांड पंचवीस. कंट्रोलरवर परत आलोय, सुखात आहे.

परदेशस्थ, कोलोन

इथून नुर्बुर्गरिंग हे जर्मनीतलं रेसिंगचं ठिकाण दीड तासाच्या आत. नॉर्डश्लाइफं, म्हणजे तिथला २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक, ठरावीक दिवशी पैसे भरून आपल्या गाडीनं चालवता येतो. मी आधी घरी पट्ट्याच्या स्टिअरिंगवर शे-दीडशे फेऱ्या मारल्या आणि मग आमची साधी फॅमिली कार घेऊन गेलो. पुढचं वळण कुठलं ते पाठ होतं, त्याचा उपयोग झालाच. कारुसेल नावाचं काँक्रीटचं तिरकं वळण आहे, त्यातल्या फरशांचे सांधे घरच्या रिमवर धप-धप-धप लागतात. प्रत्यक्षातही लागतात, पण हाताच्या आधी पाठीला आणि दातांना. आणि चढ-उतार! स्क्रीनवर सपाट दिसणारा रस्ता तिथं पायाखालून निघून जातो. बायको शेजारी होती. एका फेरीनंतर ती कॉफी प्यायला गेली ती परत बसलीच नाही.

ओली_दुपार, फोंडा

सेकंडहँड घेतलं. विकणाऱ्यानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं, पेडल दाखवलेच नाहीत, मीही विचारलं नाही. घरी आणून लावलं तर ब्रेकला पाय न लावता १२ टक्के दाबलेला! पेडल किती दाबला ते मोजणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसलेली, त्यात आमच्याकडची पावसाळी हवा. चार स्क्रू काढले, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पेडल पन्नासेक वेळा दाबला, शून्यावर आला. दर जुलैत हे करावं लागतं. जुनं घेणाऱ्यांनी लॅपटॉप सोबत न्यावा आणि पेडल हळूहळू दाबून आकडा सलग चढतो का ते पाहावं. मध्येच उडी मारली तर भाव पाडा.

नवखा७, सातारा

सगळं वाचलं. आजीचं शिवणयंत्राचं टेबल आहे, सागवानी, जड. त्यावर चालेल का? मशीन आत मुडपून ठेवता येतं.

धागाकर्ता

लाकूड चालेल, पण वरचं झाकण बिजागरीवर असतं. क्लॅम्प त्या झाकणाला लावू नका, पहिल्या धडकेला बिजागरी उपटेल. कडेचा पक्का भाग किती रुंद आहे ते मोजून टाका इथं. आणि खाली शिलाईचं पायडल असेल ना? मग गेमचे पेडल ठेवणार कुठं?