मदत हवी आहे: डिस्ट्रिब्युटर बदलताना एका गाण्याचे प्ले शून्यावर

आमचा चौघांचा रॉक बँड, स्वतःची ५ गाणी स्ट्रीमिंगवर आहेत. सध्याचा डिस्ट्रिब्युटर (स्ट्रीमिंगवर गाणी चढवून देणारी सेवा) वर्षाची फी थांबली की गाणी उतरवतो, म्हणून दुसरीकडे हलवतोय. नव्याकडे त्याच वेव्ह फाइल (४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट), तेच आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड), शीर्षकाचं स्पेलिंगही अक्षर न् अक्षर तेच. लांबी बदलली की जुन्या प्लेच्या आकड्यांशी जोडणी हुकू शकते, म्हणून नव्या मास्टरचा (अंतिम ध्वनिप्रतीचा) मोह टाळला. ४ गाणी जुळली, जुने आकडे आले. पाचवं मात्र आमच्याच नावाच्या भलत्याच बँडच्या पानावर जाऊन बसलंय, आकडा शून्य! आर्टिस्ट आयडी (स्ट्रीमिंगवरच्या आमच्या पानाचा ओळख-कोड) भरला होता. दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर नाही, लेबल (रेकॉर्ड कंपनी) नाही, हक्क आमचेच. जुनी प्रत अजून चालू आहे. आता आधी प्रोफाइल दुरुस्त करून घ्यायचं, की पाचवं गाणं काढून पुन्हा चढवायचं? आणि जुनी प्रत नेमकी कधी उतरवायची?