मदत हवी आहे: नववीच्या उपक्रम सप्ताहासाठी जुन्नरची सहल

नमस्कार मंडळी. मी नववीला विज्ञान शिकवते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शाळेत उपक्रम सप्ताह आहे. एक दिवस मातीकाम, एक दिवस बाजारात जाऊन हिशेब, हे सगळं ठरलंय. अडलंय ते सहलीपाशी.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदची जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण, मुलांना दाखवायचीच आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! पुस्तकातल्या चित्रावरून तो आकार कळत नाही हो. पण त्या दिवशी गर्दी फार असते. ४२ मुलं घेऊन किती वाजता पोचावं? तिथे मोबाईल बंद ठेवावे लागतात, मग मुलं पांगली तर एकत्र कशी आणता?

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. तिथल्या सातवाहनकालीन लेखात ब्राह्मी अंक कोरलेले आहेत, ते मुलांनी स्वतः शोधावेत अशी फार इच्छा आहे. कुणी मुलांकडून हे करून घेतलंय का? आधी वर्गात किती तयारी लागते?

मुक्कामासाठी नारायणगाव किंवा जुन्नरला मुलींची नीट सोय होईल अशी साधी जागा माहीत असेल तर जरूर सांगा. एसटी सवलतीत मिळते, पण काही पालकांना जेवणाखाणाचा खर्चही जड जातो. एकही मूल मागे राहू नये असं वाटतं.