कापड महागलंय, तर दर्शनी थरासाठी नवं घेणं बंद करा

उरेबपट्टी

गोधड्या शिवणाऱ्या दोघी भेटल्या की सध्या बोलणं कापडाच्या भावावरच येतं. आणि त्यावर जे उपाय सुचवले जातात ते पुन्हा खरेदीचेच: सेलची वाट बघा, गठ्ठ्याने घ्या, तुकडे किलोवर घ्या. अशाने मीटरमागे चार पैसे वाचतात आणि कपाटात दहा मीटर जास्त पडून राहतं. त्याला बचत म्हणायला मी तयार नाही.

माझं मत असं, की घरी शिवणाऱ्यांनी वरच्या थरासाठी नवं छापील सुती कापड घेणं बंद करावं. पूर्ण बंद. पैसे अस्तर (खालचा थर), भरण (मधला थर) आणि दोऱ्यावर घाला, कारण तिथे हलका माल घेतला की सगळी गोधडीच कामातून जाते. वरचा थर घरातल्याच कपड्यांतून निघतो.

पुरुषी मापाचा एक पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घ्या. शिवणी उसवण्यात वेळ घालवू नका, शिवणीला लागून सरळ कातरा. पाठीच्या तुकड्यातून सहा इंची आठ-दहा चौकोन सहज निघतात, बाह्यांतून आणखी पाच-सहा. कॉलर आणि कफात बकरम, म्हणजे आतलं कडक कापड असतं, ते सोडून द्या. काखेखालचा भागही नको, घामाने तिथलं सूत कमकुवत झालेलं असतं. असे सात-आठ शर्ट आणि एक फिकी चादर जमली की एका माणसाच्या गोधडीचा वरचा थर झाला.

धावदोरा

तुमच्या हिशेबात वेळ कुठेच दिसत नाही. हाताने टाके घालून मोठी गोधडी पुरी करायला महिने लागतात. एवढी मेहनत मी अर्धं आयुष्य संपलेल्या कापडावर का घालू?

जुन्या कापडाचा खरा त्रास दोन-तीन वर्षांनी कळतो. सगळे तुकडे सारखे विरलेले नसतात. एक चौकोन दणकट, शेजारचा नरम. धुताना ताण येतो आणि नरम चौकोन शिवणीच्या कडेने उसवत जातो. मग ठिगळावर ठिगळ. मधला तुकडा बदलायचा तर त्यावरचे सगळे टाके काढावे लागतात, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

भाव वाढलेत हे खरंच आहे. त्यावर माझं उत्तर कमी शिवण्याचं आहे. वर्षाला चार करत असाल तर दोन करा, पण कापड चांगलं घ्या. गोधडी वीस वर्षं टिकली तर ते महाग कापडच स्वस्त पडतं.

उरेबपट्टी

@धावदोरा, विरलेलं कापड वापरा असं मी म्हटलेलंच नाही. कापड पारखून घ्यायचं असतं. उजेडासमोर धरा, मधूनमधून जास्त उजेड दिसला तर तो भाग बाद. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून आधी उभ्या आणि मग आडव्या धाग्यावर जोर देऊन ओढा. चरचर आवाज आला किंवा धागे सरकले की तेही बाद. चादर मधोमध विरते, पण कडांना आणि पायाकडे बहुधा शाबूत असते. तेवढंच घ्यायचं.

शिवाय जुनं कापड आटून झालेलं असतं, आणि जायचा तो रंगही गेलेला असतो. नव्या गडद लाल कापडाने पहिल्याच धुण्यात पांढरे चौकोन गुलाबी केले तर त्या वीस वर्षांचं काय?

टाचणी

जुनं की नवं हा वाद तुम्हा दोघींचा चालू द्या. त्याआधी तुकडा किती मोठा कापता ते बघा, कारण कापड सगळ्यात जास्त तिथेच वाया जातं.

चारी बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरली तर दोन इंची चौकोनासाठी अडीच इंची तुकडा कापावा लागतो. म्हणजे दिसतं ४ चौरस इंच, लागतं ६.२५. कापडाचा ३६ टक्के भाग शिवणीत गडप. सहा इंची चौकोनाला साडेसहा इंच कापा: दिसतं ३६, लागतं ४२.२५, शिवणीत जातात फक्त १५ टक्के. त्रिकोणांचं गणित याहून वाईट. बारीक तुकड्यांची नक्षी म्हणजे काटकसर हा समज म्हणून सोडायला हवा. नवं कापड आणून त्याचे दोन इंची तुकडे करणं हा भाववाढीच्या काळात निव्वळ अपव्यय आहे. दुसऱ्या कामातून उरलेली कातरण असेल तर गोष्ट वेगळी, ती तशीही पडूनच राहणार असते.

दोरा आणि वेळही बारीक तुकड्यांना जास्त लागतो, हे सांगायला नकोच.

निळी_कातरण

भाव उतरतील म्हणून थांबलेल्यांसाठी लिहिते. कापूस महागला म्हणून कापड महागलं असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. २०११च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात कापसाचा वायदे बाजारातला भाव पौंडाला (४५४ ग्रॅमला) २ डॉलरच्या वर गेला होता. फार मोठी उसळी होती ती. आता हिशेब करा. गोधडीच्या सुती कापडाचं ११० सेंमी पन्ह्याचं (रुंदीचं) एक मीटर साधारण १६० ग्रॅम भरतं. म्हणजे एका पौंडात पावणेतीन मीटरच्या आसपास. त्या भावातही मीटरभर कापडातला कापूस ७० सेंटच्या घरात, आणि सूत काततानाची घट धरली तरी एका डॉलरच्या आतच.

छापील कापडाच्या किमतीतला बाकीचा मोठा वाटा कताई-विणाई, रंगाई, छपाई, वाहतूक आणि दुकानदार यांचा असतो. वीज, इंधन आणि मजुरी वर गेली की कापूस उतरला तरी कापड उतरत नाही. त्यामुळे वाट बघण्यात काही हशील नाही.

पण यावरून मी उरेबपट्टींसारखी जुन्या कपड्यांकडे वळणार नाही. आपण नक्षीचे पैसे देतोय, तर नक्षीच सोडा. साधं, एकरंगी, नीट विणलेलं कापड घ्या, किंवा न रंगवलेलं घ्या. ते नवं असतं, मजबूत असतं आणि छापीलपेक्षा बरंच स्वस्त मिळतं. नक्षी टाक्यांनी आणा. एकरंगी कापडावर धावदोऱ्याची ओळ जशी उठून दिसते तशी फुलाफुलांच्या कापडावर कधीच दिसत नाही.

पायमशीन

जुन्या कपड्यांतून केलेलं काम दुय्यम असतं असा सूर मला इथे ऐकू येतोय, तो पटत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावर घालून झिजलेले कपडे आणि जीन फाडून गोधड्या केल्या. गुडघ्यांचे विटलेले डाग आणि खिसा काढल्यावर राहिलेली गडद खूण त्यांनी तशीच ठेवली. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात लागल्या, नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातही. दुकानातून जुळवून आणलेल्या संचातून ते रंग कुणाला साधले नसते.

धावदोरा

@पायमशीन, त्या गोधड्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या बायकांनी जुने कपडे वापरले ते दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. थंडी होती आणि अंगावर घ्यायला काहीतरी हवं होतं. त्यांच्या अडचणीतून आपण आपल्यासाठी नियम काढू नये.

आणि उदाहरणच हवं तर हे घ्या. १९३०च्या दशकात अमेरिकेत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या कंपन्या सुती पोत्यांवर मुद्दाम फुलापानांची छपाई करत, कारण घरोघरी त्या पोत्यांचे कपडे आणि गोधड्या शिवल्या जात. लोक हे जुन्या कापडाच्या बाजूने सांगतात. पण ते कापड जुनं कुठे होतं? एकदाच भरून रिकामं केलेलं, माल पेलण्याइतकं घट्ट विणलेलं. त्यातल्या काही गोधड्या आजवर टिकल्या त्या त्यामुळे.

कापडवाली

मी कापड विकते, तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगून टाकते. सगळ्यांनी वर्षभर नवं घेणं थांबवलं तर मोठ्या दुकानांना काही होणार नाही. जी छोटी दुकानं अर्धा मीटर कापून देतात आणि रंग जुळवायला तासभर वेळ देतात तीच आधी बंद पडतील. मग पूर्ण थानच घ्यावं लागलं तर स्वस्त कसं पडेल? कमी घ्या, अगदी जरूर कमी घ्या, पण मोजून आणि नेमकं घ्या.

उरेबपट्टी

@कापडवाली, म्हणूनच अस्तर आणि दोरा विकतच घ्या असं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. छोट्या दुकानातूनच घ्या, माझी काहीच हरकत नाही.

@टाचणी, मायेचा हिशेब शंभर टक्के मान्य. अस्तराचाही असाच हिशेब आहे का? कापडाचा सगळ्यात मोठा खर्च तिथेच होतो.

टाचणी

आहे, आणि बहुतेकजणी तिथे मीटरभर कापड विनाकारण घेतात. गोधडी १५० बाय २०० सेंमीची धरा. चारी बाजूंना दहा सेंमी जास्त म्हणून २२० सेंमीच्या दोन उभ्या लांब्या घेतल्या जातात, म्हणजे ४.४ मीटर. ११० पन्ह्याच्या दोन लांब्या जोडल्या की रुंदी होते दोन मीटरच्या वर आणि हवी असते फक्त १७०. कडेची पट्टी वाया.

जोड आडवा घ्या. १७० सेंमीच्या दोन लांब्या, एकीखाली एक. ३.४ मीटरमध्ये काम होतं. काठ कापून आणि माया सोडून उंची साधारण २१३ मिळते, म्हणजे वरखाली सहा-साडेसहा सेंमी जादा. घरी शिवायला तेवढं पुरतं. फक्त दिशेची नक्षी असलेलं कापड नको, फुलं आडवी पडतील.

अस्तर पुढे दुमडून गोट (कडेची पट्टी) करणाऱ्यांना एक सूचना. वेगळ्या पट्टीचं कापड वाचतं हे खरं, पण कडेवर कापडाचा एकच थर येतो. दुहेरी पट्टीत दोन येतात. गोधडी सगळ्यात आधी कडेलाच झिजते, तेव्हा रोजच्या वापराच्या गोधडीला ही बचत करू नका. भिंतीवर लावायची असेल तर चालेल.

धावदोरा

आडव्या जोडाचं पटलं. पुढच्या अस्तराला तसंच करणार.

@उरेबपट्टी, तुमची उजेडाची आणि अंगठ्यांची परीक्षा मोठ्यांच्या गोधडीला लावून बघेन, तेवढं मानते. लहान बाळाची गोधडी मात्र आठवड्यातून दोनदा धुतली जाते, चोखली जाते, फरशीवरून ओढली जाते. तिथे नवंच कापड. आधी गरम पाण्यातून दोनदा काढून, ओल्या पांढऱ्या फडक्यावर रंग उतरत नाही ना हे बघून, पण नवंच.

उरेबपट्टी

बाळासाठी तर मी आधी जुनीच चादर काढेन. इतकी धुतलेली की रंग उतरायची धास्ती नाही आणि अंगाला मऊ. लवकर फाटेल, मान्य. पण ते बाळही दोन वर्षांत त्या गोधडीत मावणार नाही.