मदत हवी आहे: आईला संध्याकाळी धडधडतं, कुठला प्राणायाम करावा?

मुक्ता_प: आईला शुगर आहे. बाबा गेल्यापासून सारखी रडते, झोप नाही. म्हणून अनुलोम-विलोम सुरू केला. पण चार दिवस झाले, साडेपाचच्या सुमाराला एकदम धडधडतं, हात थरथरतात. काल ब्लाऊज घामाने भिजला, माझं मनगट सोडेना. शेजारी बसून श्वास मोजून घेतले, फरक नाही. काय करू? लवकर सांगा.

करवीरकर: कपालभाती. रोज पाचशे स्ट्रोक. माझी शुगर त्यानेच आटोक्यात आहे.

वैशाली: थांबा. गोळ्या कुठल्या? इन्सुलिन? धडधडतं तेव्हा शुगर मोजलीत का? डोळे कधी तपासले? पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोराची कपालभाती आणि कुंभक (श्वास कोंडून धरणं) नको, आत रक्तस्राव होऊ शकतो.

करवीरकर: बारा वर्षं करतोय, काही झालं नाही.

वैशाली: तुम्हाला नाही झालं, चांगलंच आहे. त्यांच्या डोळ्यांचं आपल्याला कुठे माहीत आहे?

नाना: जांभळाच्या बियांची पूड द्या. आणि लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था आहे, १९२४ पासूनची. आम्ही दोघं राहून आलो, हवा फार छान.

मुक्ता_प: टाइप २. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, इन्सुलिन नाही. डोळे दोन वर्षांपूर्वी. शुगर फक्त सकाळी मोजतो. हल्ली दुपारी दोन घास खाऊन ताट सारते.

वैशाली: मग आत्ता मोजा! ग्लिमेपिराइड इन्सुलिन वाढवतं, माणूस जेवो न जेवो. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. श्वास नंतर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

मुक्ता_प: ५८ होती. साखरपाण्यानंतर ९१. आता पोळी खातेय. मी चार दिवस तिला श्वासच मोजायला लावत होते...

वैशाली: शुगर उतरल्याची आणि मन घाबरल्याची लक्षणं अगदी सारखीच असतात हो. डॉक्टरांना आजच फोन करा, पुढची गोळी त्यांना विचारूनच. रडणं, झोप नसणं तेही सांगा. श्वासाचं रात्री झोपताना करा: चार आकडे आत, सहा बाहेर, कोंडायचा नाही, पाच मिनिटं. नाहीतर भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा.

मुक्ता_प: केला फोन, उद्या बोलावलंय. भ्रामरीत कान बंद करायलाच हवेत का? आवाज आत घुमला की आई घाबरते.

वैशाली: नाही. कान उघडेच ठेवा, तुम्हीही बरोबर करा.