रूपाआधी डोकं आवडलेली माणसं: नाशिककर, अनुभव लिहा

लग्नाच्या बायोडेटात उंची, रंग, पॅकेज सगळं असतं. डोकं कसं चालतं, याला रकाना नाही. बोलणं ऐकून किंवा विचार करण्याची पद्धत बघून कुणावर जीव जडलाय का? डिग्र्या नकोत, प्रसंग सांगा.

निफाडची सून
कांदेपोह्यांच्या वेळी मला हे अजिबात आवडले नव्हते. वडिलांनी धरून बसवलं म्हणून झालं लग्न. पहिल्याच ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत डाऊनी रोग आला, पानामागे पांढरी बुरशी. दीर म्हणाले, अजून एक फवारा मारू. हे मात्र पहाटे उठून ओळींतून फिरत राहिले, कुठलं पान किती वेळ ओलं राहतंय ते बघत. मग म्हणाले, "दाटी झालीये. दव वाळत नाही आणि औषध आत पोचत नाही." आधी जास्तीच्या फुटी, म्हणजे वेलीच्या नव्या फांद्या काढल्या, मग फवारलं. रोग आटोक्यात आला ते वेगळंच. पण वाकून पानं उलटी करणारे हे मला त्या दिवसापासून देखणे दिसायला लागले, काय करणार!

पंचवटीकर
पांडवलेणीला गेलो होतो, सगळे सेल्फीत दंग. एक मुलगी लेणं क्र. ३ मधल्या शिलालेखापाशी थांबलेली. अडखळत का होईना, ब्राह्मी वाचत होती. म्हणाली, "गौतमीपुत्र सातकर्णीचं एवढं कौतुक आहे, पण कोरून घेतलंय त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने. तेही तो गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी. आईच बोलतेय म्हटल्यावर थोडं वजा करून वाचायचं." त्या 'वजा करून'वर मी खलास! पुढे जमलं नाही आमचं. वजाबाकीची सवय तेवढी राहिली, विशेषतः निवडणुकीच्या फ्लेक्सपुढे.

ओझरवाला
माझा अनुभव उलटा. प्रचंड हुशार बाई, कुठल्याही विषयावर ऐकत राहावं अशी. मिसळ खायला गेलो. पोऱ्याने रस्सा जरा तिखट आणला तर चारचौघांत त्याची अक्कल काढली. मी पाव संपवला आणि निघालो.

कॉलेज रोड
मी आधी चेहराच बघतो. उगाच साधूपणा कशाला?

दिंडोरी
निफाडची सून, ताई, विषय सोडून विचारतो. एका वेलीवर फुटी किती ठेवल्या होत्या?

निफाडची सून
भाऊ, ह्यांना विचारून सांगते. माझं लक्ष तेव्हा फुटींकडे नव्हतं.