पोस्टकार्डावर आधी बघितलेली गावं: तुमचे अनुभव लिहा मंडळी

खाडीवरचा बगळा

मे महिन्यात घर शाकारायला काढलं म्हणून माळा रिकामा करावा लागला. आमचं घर रत्नागिरीजवळ खाडीकाठी. माळ्यावर जे निघतं ते सगळ्यांना माहिती आहेच, फुटकी पाटा-वरवंट्याची जोडी, तीन पंचांगं, कुणाच्या तरी लग्नातला पेट्रोमॅक्स. पण एका पत्र्याच्या ट्रंकेत बिस्किटाचा डबा होता आणि त्यात तीसेक पिक्चर पोस्टकार्डं. आजोबांचे थोरले भाऊ लढाईच्या आधी ब्रह्मदेशात लाकडाच्या वखारीत कारकून होते, त्यांनी आईला पाठवलेली. पत्ता इंग्रजीत, मजकूर मोडीत, म्हणजे माझ्यासाठी शून्य.

मोडी वाचणारे एक गुरुजी शोधले. बहुतेक कार्डांवर प्रकृती, पैसे पोचले का, आंब्याला मोहोर कसा आहे एवढंच. पण एका कार्डावर मंडालेचा राजवाडा आहे, हाताने रंगवलेला, लाल-सोनेरी छपरांवर छपरं, आणि मागे लिहिलंय, "हाच तो आपल्या रत्नागिरीच्या राजाचा मूळचा वाडा."

आता मी लहानपणापासून थिबा पॅलेसच्या बाजूने सायकल मारलेला माणूस. इंग्रजांनी १८८५ ला ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला, हे शाळेत पाठ होतं. १९१० ला त्याच्यासाठी वाडा बांधला आणि १९१६ ला तो गेला, म्हणजे उणीपुरी सहा वर्षं राहिला त्यात. पण त्याला आधी कुठलं तरी स्वतःचं घर होतं हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आमच्यासाठी तो रत्नागिरीचाच. कार्ड बघितलं आणि मग परत थिबा पॅलेसला गेलो, तिथलं बर्मी सागवान हात लावून बघितलं, वरून भाट्याची खाडी बघितली आणि कार्डातला वाडा आठवत उभा राहिलो. बरं, तो मंडालेचा वाडाही आता नाही, १९४५ ला लढाईत जळला, हल्ली आहे तो १९९० नंतर परत बांधलेला. म्हणजे आमच्या डब्यात आहे तो खरा.

भाऊआजोबा १९४२ ला जपानी आल्यावर चालत परत आले. हातात काहीच आणता आलं नाही, ही कार्डं आधीच पोस्टाने येऊन पडली होती म्हणून राहिली.

तर असं कुठलं गाव, शहर, वास्तू तुम्हाला आधी पोस्टकार्डावर भेटली? नंतर प्रत्यक्ष बघितली का? लिहा, लांबलं तरी चालेल, पावसाळाच आहे.

गुहागरकरीण

बाबा बोटीवर इंजिनरूमला होते, त्यामुळे आमच्या घरातला भूगोल सगळा कार्डांवरचा. हॅम्बर्ग म्हणजे क्रेन, सिंगापूर म्हणजे सिंहाचं तोंड आणि पाणी. गंमत म्हणजे पुष्कळदा बाबा आधी यायचे आणि कार्ड मागाहून, मग ते स्वतःच पोस्टमनकडून घेऊन "बघा बाबांचं कार्ड आलं" म्हणून आम्हाला द्यायचे.

सगळ्यात लक्षात राहिलं ते पनामा कालव्याचं. माझी कल्पना कालवा म्हणजे मोठा पाट. कार्डावर तर एवढी मोठी बोट सिमेंटच्या हौदात उभी आणि दोन्ही बाजूंना रुळांवर छोटी छोटी इंजिनं. बाबांनी लिहिलेलं, "इथे बोट जिना चढते. तीन पायऱ्यांत २६ मीटर वर, मग तळं, मग परत तीन पायऱ्या खाली. त्या इंजिनांना इथे खेचरं म्हणतात." आणि खाली एक ओळ, की अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना आम्ही पश्चिमेला नाही, आग्नेयेला गेलो.

सातवीत हे मी वर्गात बोलले. बाई म्हणाल्या वडिलांची लिहिण्यात चूक झाली असेल. मी रडकुंडीला आले, मग मधल्या सुट्टीत नकाशाचं पुस्तक काढलं तर पनामा देश आडवा पडलेला, कालवा खरंच वायव्येकडून आग्नेयेकडे. बाई काही बोलल्या नाहीत पण त्यानंतर नवीन कार्ड आलं की वर्गात आणायला सांगायच्या. मी अजून पनामाला गेलेले नाही, बाबाही आता नाहीत. कार्ड आहे, त्याला डिझेलचा वास येतो असं मला वाटतं, भाऊ म्हणतो कसला वास, डांबरगोळ्यांचा आहे.

बोंबील फ्राय

कोपनहेगनची जलपरी. कार्डावर अशी दिसते की समुद्रातून उठलेली प्रचंड मूर्ती. कंपनीने पाठवलं तेव्हा धावत बघायला गेलो. सव्वा मीटर! आमच्या आळीतला गणपती मोठा असतो.

मालवणी मुलगो

बगळेभाऊ, धागा वाचून आजीची आठवण झाली म्हणून पहिल्यांदाच एवढं लिहितोय, चुका पोटात घाला.

आजोबा मुंबईत गिरणीत. आजी मालवणजवळ गावात, शेती, गुरं, चार पोरं. आजोबा महिन्याला मनीऑर्डर करायचे आणि वर्षातून दोनतीनदा चित्राचं कार्ड. लिहिता फारसं येत नव्हतं त्यांना, म्हणून असेल, चित्र बघ आणि समज. आजीने ती कार्डं भाताच्या खळीने माजघराच्या भिंतीला चिकटवलेली होती, राजाबाई टॉवर, बोरीबंदर, गेटवे, राणीच्या बागेतला हत्ती. मधोमध राजाबाई टॉवर, कारण ते कार्ड आजोबांनी दोनदा पाठवलेलं. आमच्या वाडीतल्या बायका मुंबई बघायला आजीच्या माजघरात यायच्या. आजी सांगायची, ह्या मोठा घड्याळ, ह्याच्या बाजूक आमचे रवतत.

ती पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा पंचावन्नच्या पुढे होती, आजोबा जाऊन सहा महिने झालेले, वडिलांना तिकडे नोकरी लागलेली. एसटीने परळला उतरली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली माका घड्याळ दाखय. वडील घेऊन गेले. युनिव्हर्सिटीच्या बाहेर मैदानाच्या बाजूला उभी राहून तिने मान वर करून बघितलं, १८७८ चं काम ते, २८० फूट, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले वगैरे वडील सांगत होते तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आजूबाजूला बघत होती. मग म्हणाली, "घड्याळ हय असा, मगे तुजो बापूस खय रवायचो?"

आजोबा लालबागला गावाच्या मंडळाच्या खोलीत राहायचे. एक खोली, पंचवीस-तीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची, ट्रंक आणि वळकटी एवढीच प्रत्येकाची जागा. वडिलांनी तिला तिथे पण नेलं, नेऊ नये असं आईचं म्हणणं होतं. आजी खोलीत बसली, चहा घेतला, आजोबांची ट्रंक कुठे असायची ते विचारलं, कोपरा दाखवला कुणीतरी. तिथे आता दुसऱ्या कुणाची होती. परत आल्यावर काही बोलली नाही.

गावी गेल्यावर तिने कार्डं काढली नाहीत भिंतीवरून. फक्त बायका आल्या की "ह्याच्या बाजूक रवतत" हे म्हणायची बंद झाली, "ह्या घड्याळ मिया बघलंय" असं म्हणायची. घर पाडलं तेव्हा कार्डं भिंतीबरोबरच गेली, खळीने लावलेली, सुटली नाहीत.

खाडीवरचा बगळा

मालवणी मुलगो, चुका कसल्या. लिहीत राहा.

इस्राएल आळी

आयडीवरून कळलं असेल, अलिबागची आहे. आमच्या आळीतली बरीच बेने इस्राएली (म्हणजे कोकणातली ज्यू) कुटुंबं पन्नास-साठच्या दशकात इस्रायलला गेली. आमच्या आजीची मैत्रीण पण गेली, दिमोनाला. आजी तिला शेवटपर्यंत "तेलीण" म्हणायची, शनवार तेली म्हणून, शनिवारी घाणा बंद ठेवायचे ना. दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

तिची कार्डं मराठीत यायची, तीही शुद्धलेखनासकट एकदम अलिबागी. हैफाचं एक कार्ड होतं, डोंगर, त्यावर बाग आणि सोनेरी घुमट. आजीने कित्येक वर्षं ते देवळाचं चित्र म्हणून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं, सणावाराला कुंकू पण लागायचं त्याला. बहाईंचं पवित्र स्थान आहे ते, हे मी कॉलेजात गेल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, मग देऊळच ना.

दिमोनाच्या कार्डावर मात्र नुसतं वाळवंट आणि सरळ रेषेत इमारती. मागे लिहिलेलं, "समुद्र नाही, ओला मासा नाही, बाकी बरं आहे." आणि एकदा, "खंडाळ्याला एलियाहूच्या खडकावर जाऊन ये माझ्यासाठी, मलिदा कर." आजी गेली होती. मलिद्याच्या नैवेद्याचे पोहे, खोबरं, फळं घेऊन, कुणाला तरी विचारून विचारून. एलियाहू म्हणजे त्यांचा प्रेषित, आणि हे खंडाळा घाटातलं नव्हे, आमच्याकडचं. अलिबागपासून एवढ्या जवळ ती जागा आहे आणि आम्हाला ती दिमोनाच्या कार्डाने कळली.

जेट्टीवरचा

विषयांतर करतो, पण सगळे बाहेरच्याच गावांचं लिहितायत. आपल्या गावांची कार्डं कुठायत? मागच्या डिसेंबरला जंजिऱ्याला गेलो, राजपुरीच्या धक्क्यावर टोप्या होत्या, गॉगल होते, शहाळी होती, कार्ड मला तरी एकही मिळालं नाही. शेवटी मोबाईलवरचा फोटो छापून मागे रेघा मारून पन्नास पैशांच्या साध्या कार्डाच्या मापाने कापला. तिकीट कमी लागलं बहुतेक, मित्राला भुर्दंड बसला.

सुकट

मी पोस्टक्रॉसिंग करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २००५ ला एका पोर्तुगीज मुलाने सुरू केलं, तुम्ही अनोळखी माणसाला कार्ड पाठवायचं, ते पोचलं की दुसरा कुणीतरी अनोळखी तुम्हाला पाठवतो. आमच्या हर्णैच्या पोस्टात सुरुवातीला माझी काहीतरी भानगड आहे असंच वाटत होतं सगळ्यांना, फिनलंड, तैवान, बेलारूस. पोस्टमनकाका आधी स्वतः वाचायचे, मग मला द्यायचे, उघडंच असतं त्यात काय लपवायचं.

एकदा नॉर्वेहून लोफोटेनचं आलं. बर्फाचे डोंगर आणि पुढे लाकडी मांडवांवर हजारो मासे शेपटीला बांधून उलटे टांगलेले. बंदरावर लिलावाला निघालेल्या आमच्या मावशीला (सख्खी नाही, मासळीवाली) दाखवलं. तिने चष्मा पुसला. "ही तर वलांडी (बोंबील वाळवायचा मांडव). एवढा मोठा बोंबील खंयचा?" म्हटलं कॉड आहे. पुढे उलटतपासणी. मीठ किती लावतात? म्हटलं लावतच नाहीत. मग माश्या? म्हटलं फेब्रुवारी ते मे टांगतात, एवढी थंडी की माश्याच नसतात. तिला ते काही पटलं नाही. मग म्हणाली, चित्रात मुंडकी नाहीत, मुंडक्यांचं काय करतात?

मला कुठे माहीत. घरी येऊन शोधलं तर मुंडकी वेगळी वाळवतात आणि ती नायजेरियाला जातात, तिथे रश्शात घालतात. दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं. "फुकट नाय घालवत ना, मग शाणी माणसं आहेत." ज्याने कार्ड पाठवलेलं त्याला मी हे सगळं उलट कळवलं, तर तो म्हणे माझं आयुष्य इथे गेलं, मुंडक्यांबद्दल कुणी विचारलेलं पहिल्यांदाच.

वेंगुर्ल्याचा काजू

सुकट, मीही पोस्टक्रॉसिंगवाला! मला हॉलंडच्या होर्न गावाचं आलं होतं, बंदराच्या तोंडावर एक जुना बुरूज. लिहिणाऱ्याने माझा पत्ता वाचून लिहिलेलं, की आमच्या गावातून डच ईस्ट इंडिया कंपनीची गलबतं सुटायची आणि तुमच्या वेंगुर्ल्याला कंपनीची वखार होती, ती अजून उभी आहे का? आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न आमच्याच गावावरून, हेही ठणकावून.

मी जन्मलो वेंगुर्ल्यात, डच वखार हा माझ्यासाठी पत्ता होता, "वखारीकडून डावीकडे". आत कधी गेलो नव्हतो. ऐन जुलैत छत्री घेऊन गेलो. सतराव्या शतकातल्या भिंती, छप्पर नाही, भिंतींतून झाडांची मुळं उतरलेली, आत कमरेएवढं रान. फोटो काढताना चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. फोटो छापून पाठवला, खाली लिहिलं, "उभी आहे, पण तुमच्या बुरुजाएवढी बरी नाही," आणि चप्पल गेल्याचंही कळवलं. नंतर होर्नच्या बुरुजाचं आणखी एक कार्ड आलं, ह्यावेळी बर्फातलं, आणि मागे एकच वाक्य, चप्पल मिळाली का.

श्रीवर्धनी

आमच्याकडे आजोबांचे चुलते केपटाऊनला. आमच्या कोकणी मुसलमानांची तिथे जुनी वस्ती आहे, शंभर वर्षांच्या वरची. त्यांच्याकडून टेबल माउंटनचं कार्ड यायचं, दरवेळी तेच. डोंगर वरून कापल्यासारखा सपाट आणि त्यावर ढग. चाचा लिहायचे, वारा आग्नेयेचा सुटला की डोंगरावर चादर पसरते आणि कडेवरून खाली उतरते पण गावात पोचायच्या आधी विरते. आम्ही भावंडं पावसाळ्यात गच्चीवरून आमच्या डोंगरांवर तसली चादर शोधायचो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. दुपारी दोनअडीच तासांत कौलं, पत्रे, वाडीतल्या पोफळी सगळं. कपाट पालथं पडलं आणि पुढे आठवडाभर त्यावर पाऊस. कार्डांचा एकच लगदा झालेला, विटेसारखा. अम्मीने तो उन्हात ठेवला, मी म्हटलं टाकून दे, तिने नाही टाकला. सुरीने सोडवायला गेलं की चित्र एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. टेबल माउंटनचा फक्त वरचा ढग सुटला.

गुहागरकरीण

श्रीवर्धनी, बाबांच्या कार्डांत टेबल माउंटन आहे, दोन आहेत खरं तर. एक तुम्हाला पाठवते. व्यनित (खाजगी निरोपात) पत्ता द्या. मागे बाबांनी आईला कांद्याचे भाव विचारलेत तेवढं चालवून घ्या.

श्रीवर्धनी

चालेल काय, अम्मी भाव सांगेल. पण सप्टेंबरनंतर पाठवा, आमच्या पोस्टाच्या पेटीला खालून भोक आहे.