ख्रिस्ती माणसाने मत कुणाच्या सांगण्यावरून द्यायचं?

मासुंदाकाठ
१५ जानेवारीला ठाणे महापालिकेचं मतदान झालं, निकाल लागला, गुलालही धुऊन झाला. आता जरा शांतपणे बोलता येईल म्हणून हा धागा.

मतदानाआधीच्या रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर दारात चहा चालला होता. मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी मोबाइल पुढे केला. वर प्रभाग क्रमांक, खाली प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागा, चारही नावं एकाच पक्षाची, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'समाजहितासाठी पूर्ण पॅनेल'. मी म्हटलं, "काका, क मधला माणूस दुसऱ्या समाजाच्या वस्तीबद्दल भरसभेत काय बोलला, ऐकलंत ना?" ते म्हणाले, "आपल्याबद्दल नाही ना बोलला?"

माझा सगळा वाद या एका वाक्याशी आहे. आपल्यावर आलं की आपल्याला संविधान आठवतं, शेजाऱ्यावर आलं की हे वाक्य. 'आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' ही आज्ञा मतदान केंद्राच्या दारात ठेवून आत जायचं का?

मी अ आणि ड यादीतलेच घेतले. ड मधल्या बाईंनी आमच्या गल्लीतलं तुंबलेलं गटार स्वतः उभं राहून साफ करून घेतलं होतं. ब दुसऱ्या पक्षाचा. क ला 'नोटा', म्हणजे वरीलपैकी कुणीही नाही. मंडळीत हे बोललो आणि 'फुटीर' ठरलो.

गावठाणवाली
फुटीर नाही म्हणणार, पण हौशी नक्कीच. मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिकांपैकी, आमचं घर गावठाणात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती ०.९६ टक्के, पुरता एक टक्काही नाही. त्यातही प्रत्येकाने आपापल्या विवेकाने चार दिशांना मतं टाकली तर नगरसेवक आपल्याला दारात तरी उभं करेल का? दफनभूमीची भिंत पडली म्हणून अर्ज घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "तुमच्याकडे मतं किती?" क्लस्टर पुनर्विकासात गावठाणं ओढायला निघाले तेव्हाही लोक एकत्र आले म्हणून आवाज झाला. एकेकट्याच्या सदसद्विवेकाने सातबारा वाचत नाही हो.

नोटा दाबून 'मी यात नव्हतो' म्हणणं सोपं आहे. येशूला क्रुसावर द्यायला सोपवताना पिलातानेही हातच धुतले होते.

पारसिक
मूळ मुद्दा सोडून एक कायद्याचा. धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ ला, सात न्यायाधीशांत ४ विरुद्ध ३ अशा निकालाने, उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्मही त्यात धरला. तो खटला आपल्या सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीचा. तेव्हा ती यादीच बेकायदा.

खाडीपलीकडे
@पारसिक, इतकी घाई नको. ते कलम लोकसभा-विधानसभेचं, महापालिकेचा कायदा वेगळा. शिवाय तिथेही उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने कुणी आवाहन केलेलं असावं लागतं. काकांनी चहा पिता पिता मोबाइल दाखवला हे त्यात कसं बसवणार? त्यापेक्षा १९८८ चा धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंधाचा कायदा बघा. धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचारासाठी वापरू द्यायची नाही, हे त्यात सरळ आहे. ते देवळालाही लागू, मशिदीलाही, चर्चलाही. चहाचं टेबल आवारात होतं की फुटपाथवर, एवढंच सांगा :)

ऐरोलीकर
मी कॅथलिक. धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. आमच्या धर्मशिक्षण ग्रंथात, कॅटेकिझममध्ये, १७९० व्या परिच्छेदात म्हटलंय की विवेकबुद्धीचा खात्रीचा निर्णय माणसाने पाळलाच पाहिजे. पण त्याच्या आधी, १७८३ मध्ये, विवेकबुद्धी घडवावी लागते असंही आहे, आणि ते लोक सोयीस्कर विसरतात. सकाळी उठून जो आवडला तो, याला विवेक म्हणत नाहीत. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचलंत? त्याच्यावरचे गुन्हे बघितलेत? मागच्या पाच वर्षांत त्याने काय केलं ते विचारलंत? एवढं केल्यावर मग खुशाल वेगळं मत द्या.

फादरांनी यादी द्यावी का? नाही. पक्षीय राजकारणात थेट उतरणं धर्मगुरूंचं काम नाही, ते सामान्य श्रद्धावंतांचं, हे २४४२ मध्ये आहे. मत देणं मात्र नैतिक कर्तव्य (२२४०). म्हणून घरी बसणाऱ्यांचा मला यादीवाल्यांपेक्षा जास्त राग.

वचनप्रेमी
बायबलातलं पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय १३. अधिकारी देवाने नेमलेले आहेत. ज्येष्ठ सांगतात ते ऐकावं, मंडळीत फूट पाडू नये. जास्त डोकं चालवू नये.

मासुंदाकाठ
तेरावा वाचलात, आता पान उलटून चौदावा वाचा. कुणी एक दिवस मोठा मानतो, कुणी सगळे सारखे, आणि पौल म्हणतो प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. काकांच्या मनाची नव्हे. आणि आपण प्रोटेस्टंट आहोत हो! १५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला सम्राटासमोर उभं राहून 'माझी विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे' म्हणणाऱ्या ल्यूथरला कुणी सांगितलं असतं, 'फूट पाडू नकोस'... सांगितलंच होतं म्हणा.

कळवेकर
मी ख्रिस्ती नाही, तरी डोकावतो. आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसले आणि वॉचमनच्या केबिनला पत्रा लागला की सेक्रेटरी सगळ्या फ्लॅटची मतं 'देऊन' मोकळा होतो. भावकीचं तेच. मग ख्रिस्ती विवेक वेगळा तो काय?

मासुंदाकाठ
वेगळा नाही, कळवेकर. फक्त आम्ही त्याला 'समाजहित' म्हणतो तेव्हा पेव्हर ब्लॉक दिसत नाहीत.

नगरचा_ठाण्यात
सगळे सुखवस्तू वाद. आजोबा नगर जिल्ह्यातून आले, जात सगळ्या गावाला माहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीत आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला अजून बाहेर. प्रभागात अनुसूचित जातीची राखीव जागा असली की माझ्या भावाला तिथे उभंही राहता येत नाही, आणि चर्चमधल्या बैठकीत हा विषय निघाला की चहा गार होतो. हा प्रश्न नगरसेवकाच्या हातात नाही, ठाऊक आहे. पण तुमच्या 'समाजहिता'च्या यादीत कुठला समाज आहे ते मला आधी सांगा. माझं मत मी एकटाच ठरवतो, कारण माझ्या बाजूने यादी कधी निघालेलीच नाही.

गावठाणवाली
नगरचा, तुमचं खरं आहे. आमच्याकडेही त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पण मासुंदाकाठ, माझा प्रश्न राहिलाच. दफनभूमीची भिंत कुणाच्या विवेकाने बांधायची? यादी नको तर दुसरं काय?

मासुंदाकाठ
भिंतीसाठी एकत्र जाऊ, मी स्वतः येतो. अर्जावर सगळ्यांच्या सह्या, मतं मात्र ज्याची त्याची. पुढच्या निवडणुकीआधी चर्चच्या आवाराबाहेर, भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांना बोलवू. दफनभूमीही विचारू आणि शेजारच्या वस्तीबद्दल काय म्हणालात तेही विचारू.

गावठाणवाली
बोलवा. नाताळात आमच्याकडे तिघं आले होते. केक कापला, फोटो काढले, गेले. प्रश्न विचारायला माईक कुणाच्या हातात देणार, तेवढं आधी ठरवा. आणि हॉलचं भाडं कोण भरणार?